लाल दोऱ्याची वायर

मास्तरांचा लेबलावर विश्वास नव्हता. गिऱ्हाईक पँट घेऊन आलं आणि म्हणालं, "मास्तर, कंबर चौतीस आहे, इथं आत शिवलेलंच आहे बघा," की मास्तर गळ्यातली टेप काढायचे, पँट टेबलावर पसरायचे आणि मापून सांगायचे, "साडेतेहतीस." गिऱ्हाइकाचं तोंड एवढंसं व्हायचं. ज्याला ज्याला त्यांनी शिवण शिकवलं त्याला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या होत्या. मापल्याशिवाय कात्री लावायची नाही. आणि दोऱ्याचा रंग दिव्याखाली जुळवायचा नाही, रीळ घेऊन दारात उन्हात जायचं.

असा हा मापाचा माणूस सख्ख्या धाकट्या भावाशी अकरा वर्षं बोलत नव्हता, आणि तेवढं एक मात्र त्याने एकदाही मापून पाहिलं नव्हतं. आता काय म्हणावं!

मास्तर शिंपी आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. ते एके काळी गिटार वाजवायचे हे फार थोड्यांना आठवत होतं. दुकानात कापायच्या टेबलाखाली, अस्तराच्या ताग्यांमागे एक जुना ॲम्प पडून होता. गिटारचा आवाज मोठा करणारा, काचेच्या नळ्यांवर चालणारा, दोघा भावांपेक्षा वयाने मोठा, आणि वजनाला असा की उचलणाऱ्याला आई आठवावी. हा ॲम्प म्हणजे नुसतं डोकं. आवाज बाहेर यायचा तो त्याला जोडलेल्या स्पीकरच्या पेटीतून. भांडण झालं तेव्हा डोकं मास्तरांकडे राहिलं आणि पेटी धाकट्याकडे गेली. म्हणजे डोकं कोणाकडे आणि कोणाकडे नुसता खोका, यावर घरात एक विनोद व्हायचा. मास्तरीणबाईंनी तो बंद पाडला होता.

धाकट्याला सगळे खटपट्या म्हणायचे. लहानपणी घरातलं घड्याळ उघडून त्याने ते परत जोडलं होतं आणि तरी दोन चाकं उरली होती. घड्याळ चालत होतं, हे विशेष! पुढे दोघांनी बँड काढला तेव्हा वायरी, दिवे, स्पीकर सगळं त्याच्याकडे आलं. मास्तर वाजवणार, खटपट्या जोडणार.

एके सकाळी दुकानात फोन वाजला. पलीकडून बँडचा जुना ड्रमवाला ओरडत होता, कारण तो फोनवर नेहमीच ओरडायचा.

"मास्तर! आपला हॉल दुरुस्त झालाय. तीन आठवड्यांनी रविवारी दुपारी उघडतायत. जुन्या बँडने चार गाणी वाजवायची. तुम्ही दोघे भाऊ येताय!"

"मी येतो," मास्तर म्हणाले.

"आणि खटपट्या?"

"मी येतो म्हणालो ना."

मास्तरीणबाई शेजारी काजं करत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "अहो, ॲम्प जळालेला आहे आणि पेटी भाऊजींकडे आहे. वाजवणार काय, शिलाई मशीन?"

"ॲम्प दुरुस्त होतो. पेटी दुसरी मिळते. त्याच्या पेटीवाचून माझं काही अडलेलं नाही."

"पेटी मिळते हो दुसरी," त्या म्हणाल्या, "भाऊ मिळतो का?"

"अगं, मी त्याला तोडलं का? त्याने चूक केली आणि वर खोटं बोलला."

"काठी मारल्याने पाणी तुटत नाही म्हणतात. तुम्ही अकरा वर्षं काठ्या मारताय." एवढं बोलून त्यांनी दातांनी दोरा तोडला आणि पुढचं काज घेतलं.

तर झालं होतं ते असं. गिटारमधून ॲम्पमध्ये एक वायर जाते आणि ॲम्पमधून पेटीत दुसरी. दोन्ही वायरी काळ्या, जाडीला सारख्या, टोकाची पिनसुद्धा तीच. पण आतून दोन्ही वेगळ्या. गिटारची वायर पेटीला लावली तर ॲम्पचा जोर तिला झेपत नाही. म्हणून मास्तरांनी आपल्या धंद्यातली युक्ती काढली होती. पेटीच्या वायरीच्या दोन्ही टोकांना लाल दोरा, गिटारच्या वायरीला पांढरा. दोरा नुसता गुंडाळलेला नाही, घट्ट वेढे देऊन सुईने तीन टाके आरपार आणि गाठ आत ओढलेली. तशी गाठ दुसरं कोणी मारत नसे, आणि मास्तर ती कोणाला शिकवतही नसत. खटपट्याला वायर हातात घेऊन विचार करायची गरजच नव्हती. लाल दिसला की पेटीला, पांढरा दिसला की दादाच्या हातात.

अकरा वर्षांपूर्वी त्याच हॉलमध्ये कार्यक्रम होता. सामान ओढताना दोरे सुटत आले होते, म्हणून मास्तरांनी स्टेजवरच बसून जुने काढून नवे बांधले. सुरुवातीपासून ॲम्पमधून भुणभुण येत होती. मास्तर दोन गाण्यांमध्ये धाकट्याकडे डोळे वटारून बघत होते. तिसऱ्या गाण्यात आवाज फाटला, मग गेलाच, आणि भरल्या हॉलसमोर ॲम्पमधून धूर निघाला. तो ॲम्प मिळवायला दोघांनी चार वर्षं पोटाला चिमटा घेतला होता. मास्तरांचा तोल सुटला. माइक समोरच होता.

"वायर चुकीची लावलीस तू!"

"लाल दोरा बघूनच लावली, दादा."

"खोटारडा!"

माइकवरून. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.  खटपट्याने पेटी उचलली आणि तो मागच्या दाराने गेला. मास्तरांनी वायरी पिशवीत कोंबल्या, पिशवी ॲम्पशेजारी टाकली आणि तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

आता तीच पिशवी आणि तोच ॲम्प हातगाडीवर घालून मास्तर रेडिओबाईंकडे निघाले. रेडिओबाईंच्या वडिलांचं रेडिओचं दुकान होतं. रेडिओ गेले, वडील गेले, पाटी राहिली. बाई आता मिळेल ते दुरुस्त करायच्या, पण काचेच्या नळ्यांचं यंत्र आलं की त्यांचे डोळे चमकायचे.

बाईंनी ॲम्पचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला, वास घेतला. "आतला मोठा ट्रान्सफॉर्मर गेलाय. पेटीकडे आवाज पाठवतो तो. तार नव्याने गुंडाळावी लागेल. दोन आठवडे द्या."

"हा जळतो कशाने?"

"ओझं नसलं की. ह्याच्या मागे पेटी जोडलेली असली की हा शहाण्यासारखा काम करतो. पेटी तुटली आणि हा चालूच राहिला, की सगळा जोर ह्याच्याच अंगावर उलटतो. मग स्वतःलाच जाळून घेतो."

"असतात अशी माणसं," मास्तर म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

"पेटी कुठाय ह्याची?"

"दुसरी आणतो."

दुसरी पेटी शोधायला मास्तरांनी अर्धं गाव पालथं घातलं. कुठे पेटी होती तर आतले स्पीकर उंदरांनी खाल्लेले, कुठे स्पीकर होते तर मालकाला ते आपल्या लेकरांइतके प्रिय. शेवटी एका बंद पडलेल्या नाचाच्या क्लासच्या जिन्याखाली एक मिळाली. रंग उडालेली, एका बाजूला कोणीतरी मार्करने काढलेली मिशी. मास्तर खूश झाले. आता बघतो कोण म्हणतं माझं अडतंय ते!

दोन आठवड्यांनी ती पेटी बाईंच्या टेबलाशेजारी उभी राहिली. ॲम्प दुरुस्त होऊन बसला होता. त्याच्या पाठीवर एक गोल खुंटी होती आणि तिच्याभोवती तीन आकडे, चार, आठ, सोळा. पेटी ॲम्पच्या विजेला किती अडवते त्याचं ते माप, ओहममध्ये. पेटीचा आकडा आणि खुंटीचा आकडा जुळला पाहिजे, नाहीतर दोघांचं पटत नाही.

"आमची जुनी पेटी सोळाची होती," मास्तर म्हणाले. "हिच्या पाठीवर आठ छापलंय. खुंटी आठवर घ्या."

"छापलेलं मी वाचत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी मीटरच्या दोन सुया पेटीच्या भोकाला टेकवल्या. "तेरा."

"तेरा? तेरा तर खुंटीवरच नाही."

"मीटरवर नेहमी थोडं कमीच दिसतं. आठची असती तर साडेसहाच्या आसपास आलं असतं. तेरा म्हणजे ही सोळाची." त्यांनी मागची फळी उघडून दाखवली. आत दोन स्पीकर होते. "हे बघा, दोन्ही आठ-आठचे, पण कोणीतरी एकामागे एक जोडलेत. एकामागे एक जोडले की बेरीज होते. शेजारी शेजारी जोडले असते तर उलट निम्मे झाले असते, चार."

मास्तर एवढे प्रसन्न झाले की बोलायची सोय नाही. लेबलावर आठ आणि अंगात सोळा! ही बाई आपल्याच गोतातली, नव्हे, आपल्यापेक्षा वरचढ. "बाई, तुम्ही शिवणकामात यायला हवं होतं."

"खुंटी सोळावर," बाई म्हणाल्या. "वायर द्या पेटीची."

मास्तरांनी पिशवीत हात घातला आणि लाल दोऱ्याची वायर काढून त्यांच्या पुढे धरली. "ही. लाल म्हणजे पेटीची."

बाईंनी वायर घेतली आणि लावायच्या ऐवजी पिनेची खोळ फिरवून काढली. आत पाहिलं. चष्मा वर केला आणि पुन्हा पाहिलं.

"मास्तर, ही गिटारची वायर आहे."

"छे हो. दोरा लाल आहे."

"दोरा असेल लाल. आत बघा ना. मधे केसासारखी एक बारीक तार आणि भोवती जाळी. ही गिटारची. शिवाय आतलं रबर वितळून काळं झालंय, तार तुटलीय. ह्याच वायरीने तुमचा ॲम्प जाळला." त्यांनी पांढऱ्या दोऱ्याची वायर ओढून तीही उघडली. आत दोन जाड तारा शेजारी शेजारी होत्या. "ही पेटीची. ही तुम्ही गिटारला लावली होती? मग भुणभुण आली असेल भरपूर."

 मास्तर एकदम म्हणाले, "बघा! म्हणजे माझ्या भावाने दोरे बदलले. मी तेव्हाच म्हणत होतो!"

"असेल. दोरा कोणी बांधलाय ते तुम्हाला कळत असेल."

मास्तरांनी वायर हातात घेतली. दुकानात ट्यूबलाइट होती, म्हणून सवयीने ते दारात उन्हात गेले. लाल दोरा, घट्ट वेढे, तीन टाके आरपार, गाठ आत ओढलेली. चौथा टाका सुद्धा होता, घाईत असले की ते घालायचे तसा, तिरका. हातच्या कंकणाला आरसा कशाला? ती गाठ मास्तरांची होती.

आणि मग त्यांना स्टेज आठवलं. हॉलचा दिवेवाला वर चढून दिवे तपासत होता आणि सगळं स्टेज लालभडक झालं होतं. त्या लाल उजेडात मांडीवर दोन काळ्या वायरी आणि खिशातली दोन रिळं. लाल दिव्याखाली लाल दोरा पांढऱ्यासारखा दिसतो आणि पांढरा लालसारखा. दोघांत काही म्हणजे काही फरक राहत नाही. हे पोराटोरांना शिकवण्यात ज्यांची उमर गेली त्या मास्तरांनी दारापर्यंत जायचा कंटाळा केला होता. बाहेर ऊन होतं. दार दहा पावलांवर होतं.

खटपट्याने लाल दोरा बघूनच वायर लावली होती. तो खरं बोलला होता. भरल्या हॉलसमोर खरं बोलला होता आणि मास्तरांनी त्याला खोटारडा म्हटलं होतं.

मास्तर दारातच खाली बसले. बाईंनी पाण्याचा पेला आणून शेजारी ठेवला आणि आत जाऊन एका नव्या वायरीने पेटी जोडली. नळ्या तापल्या, आत मंद नारिंगी उजेड आला. "मास्तर, वाजवून तरी बघा."

त्यांनी गिटार घेतली आणि एक सूर छेडला. आवाज उत्तम आला. जुन्या पेटीपेक्षा थोडा खर्जातला, जाड, पण गोड. पेटी जुळली होती. भावावाचून अडत नाही, हे सिद्ध झालं होतं. मास्तरांनी दुसरा सूर वाजवलाच नाही. त्यांना रडू येत होतं आणि परक्या दुकानात रडायचं नव्हतं.

घरी त्यांनी मास्तरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या बोलतील, टोमणा मारतील, असं त्यांना वाटत होतं. मारला असता तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "जेवून घ्या आणि जा."

"फोन करू का आधी?"

"फोन कसला? माणूस फोनवर माफी मागतो तेव्हा त्याचं तोंड कोणाला दिसतं?"

खटपट्या तीन चौक सोडून राहायचा. अकरा वर्षं मास्तर त्या बाजूला जायचं टाळायला लांबचा वळसा घेत होते, त्यामुळे रस्त्यात नवी दुकानं झालेली त्यांना माहीतच नव्हती. दार खटपट्याने उघडलं. केस पांढरे झाले होते. त्याच्या मागे भिंतीला लागून ती जुनी पेटी होती, वर एक उशी टाकलेली, खाली चपला. घरातली माणसं तिच्यावर बसून बूट घालत होती.

"दादा?" खटपट्या म्हणाला. एवढंच.

मास्तरांनी घरून काय काय बोलायचं ते ठरवून आणलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. त्यांनी वायर पुढे केली. "गाठ बघ."

खटपट्याने वायर घेतली, अंगठा गाठीवरून फिरवला. "तुझी आहे."

"आत बघ."

त्याने उघडलेली पिन पाहिली. तो पाहतच राहिला. मास्तर म्हणाले, "लाल दिवे लावले होते तेव्हा. मी तिथंच बांधली. तू बरोबर लावलीस. मी चुकलो."

खटपट्याची बायको आतून डोकावली आणि शहाणपणाने परत आत गेली.

"अकरा वर्षं," खटपट्या म्हणाला. आवाज आधी हळू होता, मग चढत गेला. "अकरा वर्षं, दादा! तुला माहितीये माझं काय झालं? मी मोठ्या इमारतीतल्या लिफ्टा दुरुस्त करतो. एक वायर जोडली की तीनदा तपासतो. घरी येतो, जेवायला बसतो, आणि ताटावरून उठून परत जातो बघायला. तिथं मला 'तीनदा' म्हणतात. सगळ्यांना वाटतं माणूस काळजीने काम करतो. काळजी नाही रे! माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास राहिला नाही. मी लाल बघितला होता. तू म्हणालास खोटं. तू दादा होतास, म्हणून मला वाटायला लागलं की कदाचित मीच पांढरा बघितला असेल."

मास्तरांना वाटलं, ह्यापेक्षा त्याने थोबाडीत दिली असती तर चाललं असतं. "चुकलो," ते पुन्हा म्हणाले. "रविवारी कार्यक्रम आहे. तू येशील का?"

"चारचौघांत बोलला होतास. इथं माझ्या चपलांपुढे येऊन कबूल करतोस." खटपट्याने वायर परत दिली. "जा दादा. आज जा."

दार बंद झालं. आपटलं नाही, हळूच लावलं. मास्तर पूर्ण रस्ताभर त्या हळूपणाचा अर्थ लावत घरी आले.

रविवारी दुपारी हॉल भरला. नव्या खुर्च्या, भिंतींना नवा रंग, पण स्टेज तेच. मास्तरांनी स्वतः सगळं जोडलं, खुंटी सोळावर घेतली, मिशीवाली पेटी मागे उभी केली. ड्रमवाला काड्या आपटत बसला होता. पुढच्या रांगेत मास्तरीणबाई आणि त्यांच्या शेजारी रेडिओबाई. मास्तरांची नजर मात्र मागच्या दाराकडे होती.

कार्यक्रम सुरू व्हायला पाच मिनिटं असताना दार उघडलं आणि चाकांच्या ढकलगाडीवर जुनी पेटी घेऊन खटपट्या आत आला. उशी काढलेली होती. त्याने पेटी भिंतीशी लावली आणि शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसला. पुढे आला नाही.

मास्तरांना कळलं. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, आणि पीळ दोघांतही एकाच घरचा होता. ते माइकपुढे गेले. 

"अकरा वर्षांपूर्वी मी ह्या स्टेजवर माझ्या धाकट्या भावाला खोटारडा म्हणालो," ते म्हणाले. "तुमच्यातले बरेच जण तेव्हा होते. वायर चुकीची लागली ती माझ्यामुळे. दोरा मी बांधला होता, लाल दिव्याखाली. मी शिंपी आहे, मला कळायला हवं होतं. तो खरं बोलला होता. मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागतो."

 पुढच्या दोन रांगा डोळे पुसत होत्या. मागच्या रांगांमध्ये कुजबुज चालली होती, काय म्हणाले, काय म्हणाले?

शेवटच्या रांगेतून आवाज आला. "दादा, माइक बंद आहे."

सगळा हॉल हसला. मास्तरांचे कान लाल झाले. खटपट्या उठला, मधल्या वाटेने चालत स्टेजवर आला, माइकची कळ वर केली, त्यावर टकटक केलं आणि बाजूला उभा राहिला. "हं. आता बोल परत."

आणि मास्तरांनी परत सांगितलं. पहिल्यापासून, एक शब्द न गाळता, माइकवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कठीण होतं. पण 'तो खरं बोलला होता' हे वाक्य आल्यावर त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला, कारण भाऊ शेजारी उभा राहून ते ऐकत होता. टाळ्या वाजल्या. ड्रमवाल्याने उगीचच एक झांज वाजवली.

खटपट्याने टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. तो नव्या पेटीभोवती फिरला. "ही कितीची?"

"आठ छापलंय."

"मी छापलेलं विचारलं का?"

"सोळाची. मीटरने बघितलंय."

"आपली पण सोळा." त्याने बोटांवर हिशेब केला. "दोन सोळा शेजारी लावल्या की आठ. दोन्ही लावू. ॲम्प बंद कर, खुंटी आठवर घे."

दोघा-तिघांनी जुनी पेटी वर चढवली आणि मिशीवालीच्या शेजारी ठेवली. खटपट्याने जोडलेल्या वायरी काढल्या आणि आपल्या पेटीची त्यांत मिळवली, दोन पेट्यांच्या आणि एक गिटारची. तिन्ही काळ्या, तिन्ही कोऱ्या. त्याने त्या मास्तरांपुढे धरल्या.

"दोरा?"

मास्तरांच्या खिशात रिळं होती. शिंप्याच्या खिशात रिळं नसतील तर काय असेल? ते सवयीने तिथंच मांडी घालून बसायला लागले. खटपट्याने वर पाहिलं. वर लाल दिवा लागला होता.

"बाहेर चल," तो म्हणाला.

मग सगळ्या हॉलने एक अजब दृश्य पाहिलं. कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झालेली, लोक खुर्च्यांवर ताटकळत बसलेले, आणि दोन पांढऱ्या केसांचे भाऊ वायरी खांद्यावर टाकून मधल्या वाटेने बाहेर चालले आहेत. "कुठं निघाले?" कोणीतरी विचारलं. मास्तरीणबाईंनी मागे वळून सांगितलं, "दोरा जुळवायला. बसा जरा."

पायऱ्यांवर ऊन होतं. खटपट्याने वायरीची टोकं धरली, मास्तरांनी वेढे दिले. लाल, लाल, पांढरा. तीन टाके, गाठ आत.

"चौथा नाही घातलास," खटपट्या म्हणाला.

"आज घाई नाही."

"शिकव मला ही गाठ."

"शिकवतो," मास्तर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले. शेवटचं टोक त्यांनी त्याच्याच हातात दिलं. त्याने बांधलेली गाठ ओबडधोबड झाली, पण मास्तरांनी ती उसवली नाही.

दोघे परत आत आले. मास्तरांनी गिटार गळ्यात घातली आणि पांढऱ्या दोऱ्याची वायर घेतली. खटपट्या ॲम्पच्या मागे वाकला. त्याच्या हातात लाल दोऱ्याच्या दोन वायरी होत्या. मास्तर बघत होते. आता हा पिना उघडणार, पुसणार, पुन्हा बघणार, तीनदा बघणार. बघू दे. दिवसभर बघू दे.

खटपट्याने लाल दोरा पाहिला. एकदाच पाहिला. दोन्ही वायरी लावल्या, कळ वर केली आणि सरळ उभा राहिला.

"तपासलं नाहीस?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"तू बांधलायस ना," खटपट्या म्हणाला. "वाजव आता, दादा. लोक खोळंबलेत."